माणूस कुठं राहतो

औरंगपुऱ्याच्या वळणावर रिक्षा अडकली आणि पुंडलिक सरांनी समोरच्या सिटी बसकडं बोट दाखवून ठामपणे म्हटलं, "विहीर." फळ्यावर एखादा शब्द लिहून त्याखाली रेघ ओढावी, तसं म्हटलं. शेजारी त्यांच्या औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या नौशीनला आधी वाटलं, आपल्याच ऐकण्यात चूक झाली. रिक्षावाल्यानं आरशातून मागं पाहिलं आणि लगेच आदबीनं नजर काढून घेतली. बस सरकली, तिच्यामागं फळांची गाडी सरकली, दुचाकीवाले दोन्ही बाजूंनी घुसले, आणि सर पुन्हा समोर बघत राहिले. आपण काही चुकीचं बोललो असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हतं. दिवाळीच्या आधी त्यांना लकवा आला होता. हात सुधारला, चालणं सुधारलं, नावं मात्र गेली. माणसाला वस्तू ठाऊक असते, तिचा उपयोग ठाऊक असतो, पण नाव शोधायला गेलं की भलतंच नाव हाती येतं, असं स्पीच थेरपीच्या डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं होतं. समज शाबूत आहे, हे त्यांनी पुन्हापुन्हा सांगितलं होतं. नौशीनला ते पटलंही होतं. आतापर्यंत चष्म्याला चमचा आणि कपाला कुलूप म्हणून झालं होतं, त्याचं तिला एवढं काही वाटलं नव्हतं. पण बस? बस कुठून निघते, कुठं थांबते, तिच्या थांबण्यानं कुठलं गाव वाढतं आणि न थांबण्यानं कुठलं आटतं, यावर ज्या माणसानं आपल्या उमेदीची सगळी वर्षं घातली, त्याच्याच जिभेवरून बस गेली होती.  आणि उद्या बैठक होती.

सरांनी उभ्या केलेल्या त्या छोट्या संस्थेत नौशीन गेली कित्येक वर्षं काम करत होती. मराठवाड्यातल्या कॉलेजांमधून अर्थशास्त्राचे अभ्यास तिथं येत, त्यातले निवडक दरवर्षी संग्रहात छापले जात. अर्थशास्त्रातल्या संशोधनाला जगभर अक्षरं लावण्याची पद्धत आहे. पैसा आणि बँका एका अक्षराखाली, शेती दुसऱ्या, आरोग्य आणि शिक्षण तिसऱ्या. शहर, खेडं, प्रदेश आणि वाहतूक यांचं मिळून एक अक्षर आहे, आणि संस्थेचं सगळं काम त्या एका अक्षराचं. त्याच्या पोटात पुन्हा विभाग. आलेला अभ्यास कुठल्या विभागात बसतो हे ठरलं की तो त्या विभागाच्या जाणकाराकडं वाचायला जायचा, आणि त्याचं पुढचं नशीब तिथंच ठरायचं. त्या विभागांची बाहेरून आलेली जडशीळ नावं सरांनी पहिल्याच वर्षी बाजूला ठेवली होती आणि आपली नावं दिली होती: माणूस कुठं राहतो. धंदा कुठं बसतो. माल आणि माणूस कसा हलतो. कारभार कोण करतो. विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात या नावांना लोक हसले होते. सरही त्यांच्याबरोबर हसले, आणि मग शांतपणे म्हणाले होते, की यापेक्षा अवघड प्रश्न कुणाकडं असेल तर सांगावा, त्याला अवघड नाव देऊ. नौशीन तेव्हा शेवटच्या रांगेत बसली होती. आजही ते आठवलं की तिची मान ताठ व्हायची.

ती या कामावर आली तीच त्यांच्या एका प्रश्नामुळं. मुलाखतीत त्यांनी तिच्या एम.ए.बद्दल काही विचारलं नव्हतं. वेरूळहून शहरातल्या कॉलेजला रोज कशी येत होतीस, एवढंच विचारलं. अब्बांच्या जीपनं, असं तिनं खाली बघत सांगितलं. तिचे अब्बा, शफीकभाई, वेरूळ ते शहर अशी काळी-पिवळी चालवायचे. नोकरीच्या मुलाखतीत हे सांगावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं. पण सर पुढं सरसावून बसले. जीप कुठं कुठं थांबायची? खुलताबादला किती वेळ? बायका पुढं बसायच्या की मधे? दुधाचे कॅन घेतले तर माणसं सोडावी लागायची का? ती सांगत गेली आणि सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, की आपल्याला घाटाच्या प्रत्येक वळणावर कोण चढतं आणि का चढतं हे माहीत आहे, आणि हे माहीत असणं म्हणजे काहीतरी असणं आहे. पुढच्याच आठवड्यात सर स्वतः वेरूळच्या फाट्यावर जाऊन जीपमधे बसले. अब्बांना वाटलं आरटीओचे साहेब आले. त्या दिवशी त्यांनी मोजकीच माणसं घेतली, बाकीची रस्त्यात शिव्या देत राहिली. आपल्यामुळं अभ्यासच बिघडला, असं सांगून सर पुढं कितीतरी दिवस हसत होते. अब्बा मात्र अखेरपर्यंत म्हणत, वो साहब अच्छे थे, चालान नहीं काटे.

रिक्षा सुटली. सर बाहेर बघत होते, ओठ हलत होते. दुकानांवरच्या पाट्या ते वाचू बघत असावेत. नौशीनला वाटलं त्यांना सांगावं, आणि वाटलं सांगू नये. उद्याच्या बैठकीत प्रेरणाच्या अभ्यासाचं काय ते ठरणार होतं. प्रेरणा करमाडची. आसपासच्या गावांतून शेंद्र्याच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायकांवर तिनं काम केलं होतं. या बायका शहरात खोली करून का राहत नाहीत, असा तिचा प्रश्न. दोन पावसाळे, दोन उन्हाळे ती घराघरांतून बसली होती. आजारी पडायच्या आधी सरांनी तो अभ्यास वाहतुकीत टाकला होता, माल आणि माणूस कसा हलतो या विभागात, कारण त्याच्या पानोपानी कंपनीची बस होती. त्या विभागाच्या जाणकारानं तो परत पाठवला. यात भाडं नाही, अंतर नाही, गाड्यांची संख्या नाही, हा वाहतुकीचा अभ्यासच नाही, असा शेरा आला. सर हट्टाला पेटले, दुसऱ्या जाणकाराकडं पाठवला. त्यानंही तसाच परत केला. संस्थेच्या नियमानं आता एकच संधी उरली होती, आणि कागदावर सरांच्या हातचा शेरा होता: वाहतूकच. त्यानंतर दिवाळीच्या तोंडावर सरांचा हात थांबला. मागच्या आठवड्यात प्रेरणा संस्थेत आली होती. जालन्याला एका शाळेत जागा निघालीय, अर्ज केलाय, म्हणाली. रडली नाही, तक्रार केली नाही. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाली, "मॅडम, मी जे विचारतेय ते बहुतेक विचारण्यासारखंच नसंल." ते वाक्य तेव्हापासून नौशीनच्या मागं लागलं होतं. अभ्यास नाकारला जाणं तिनं खूप पाहिलं होतं. पण आपला प्रश्नच खोटा होता असं वाटून कुणी उठून जाणं तिला सोसत नव्हतं. तिनं तो अभ्यास पुन्हा बैजवार वाचला होता, आणि सर चुकले आहेत याबद्दल तिला तिळभर शंका उरली नव्हती.

सर धडधाकट असते तर हे सोपं होतं. ती त्यांच्या खोलीत गेली असती, खुर्ची ओढली असती आणि हुज्जत सुरू झाली असती. त्यांच्याइतका कडवा माणूस हुज्जत घालायला दुसरा नव्हता. पहिल्या वर्षी तिनं जीपवाल्यांवरचा एक अभ्यास डोळे झाकून वाहतुकीत टाकला होता, तेव्हा त्यांनी तो तिच्यासमोर आपटला होता: जीप दिसली की वाहतूक? तो अभ्यास कशाबद्दल बोलतो ते बघू नको, काय विचारतो ते बघ. दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिला ते कळलं, आणि मग आयुष्यभराचं कळलं. ज्या हत्यारानं आता सरांचा शेरा खोडायचा, ते हत्यार त्यांनीच तिच्या हातात दिलं होतं. पण ज्याच्याकडं उत्तर द्यायला शब्द नाहीत त्याच्यावर ते उचलायचं? कुणाशी हे बोलावं? तिचा नवरा इम्रान म्हणाला होता, आजारी माणूस आहे, जाने दो ना. संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब पैठणकडचे मोठे बागाईतदार, मनानं फार चांगले. त्यांनी फोनवर आधीच सांगून टाकलं होतं, की सरांना उद्या आणायची गरज नाही, त्यांचा शेरा आहे तसा ठेवू, तेवढाच मान. मान या शब्दापाशी नौशीन अडखळली होती. मेलेल्या माणसाचा मान असाच ठेवतात. त्याची खुर्ची तशीच, त्याचा शेरा तसाच.

घरी पोचल्यावर सरूकाकूंनी दार उघडलं. काकूंचे, म्हणजे सरांच्या पत्नीचे, गुडघे गेले होते, मुलगा पुण्यात, म्हणून थेरपीला नेण्या-आणण्याचं काम नौशीननं स्वतःकडं घेतलं होतं. सर आत जाऊन पडले. काकूंनी चहा टाकला आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. नौशीननं त्यांना बैठकीचं सगळं सांगितलं, बसचं आणि विहिरीचंही सांगितलं.  काकू गॅस बारीक करत म्हणाल्या, "पावणे येतेत, हात हातात घेतेत, डोळे पुसतेत अन् जातेत. कुणी त्यांना काय विचारतच नाय गं. माणूस त्यानंच जास्त खचतोय. तू न्यायला ये उद्या. मी कपडे काढून ठेवते."

त्या रात्री, झोपायच्या आधी, नौशीनला अम्मीची आठवण आली. जमिला, तिची अम्मी, वेरूळ सोडायला कधीच तयार झाली नाही. नौशीनचं लग्न होऊन ती शहरात, रोशन गेटला आली, भाऊ जावेदही शहरातच नोकरीला लागला, सगळ्यांनी मागं लागून पाहिलं. अम्मी म्हणायची, "गाडी है ना अपनी, घर कायकू बदलना?" तेव्हा सगळ्यांना वाटायचं, जीप आहे म्हणून अम्मी तिथं आहे. मग अब्बांची नजर अधू झाली, जीप विकली. जावेद सामान न्यायला टेंपो घेऊन गेला, तर अम्मीनं त्याला जेवायला घातलं आणि रिकाम्या टेंपोसकट परत पाठवलं. आता तिच्याकडं गाडीचं कारण नव्हतं आणि तिला कारणाची गरजही नव्हती. ती अंगणात बसून शेजारणीबरोबर तांदूळ निवडत होती. तिथं तिला नावानं हाक मारणारी माणसं होती, तिच्या हातचं मागून नेणारी माणसं होती. शहरात ती जावेदची अम्मी झाली असती. नौशीनला हे तेव्हा दिसलं होतं, पण समजलं नव्हतं. प्रेरणाच्या पानांतल्या बायका वाचताना समजलं. आणि हेही समजलं, की सर चुकले ते आपण सगळेच चुकतो तसे: गाडी हलते, डोळ्यात भरते; घर जागचं हलत नाही, म्हणून ते विचारायचं राहून जातं.

दुसऱ्या दिवशी सर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात बैठकीला आले तेव्हा सगळे उठून उभे राहिले. तात्यासाहेबांनी त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. नेहमीची कामं झाली. प्रेरणाचा अभ्यास निघाला तसं तात्यासाहेब हळुवारपणे म्हणाले, की हे सरांच्या हातचं आहे, त्यात बदल करणारे आपण कोण. टेबलाभोवती माना हलल्या. त्या माना हलण्यात माया होती, आणि त्या मायेचीच नौशीनला भीती वाटली. ती उभी राहिली.  या विभागणीशी आपण सहमत नाही, असं तिनं सांगितलं. सगळ्यांकडं नाही, सरांकडं बघून सांगितलं, आणि त्यांच्या खोलीत बोलायची त्याच आवाजात सांगितलं. बस या अभ्यासात जागोजागी आहे, पण अभ्यास बसबद्दल काही विचारत नाही. तो विचारतो, बाई कुठं राहायचं हे कशावरून ठरवते. हा 'माणूस कुठं राहतो'चा प्रश्न आहे. "सर, तुम्ही बस पाहिली आणि फसलात," ती म्हणाली, आणि खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली.

"नौशीनबाई, राहू द्या आता," तात्यासाहेब म्हणाले. रागानं नाही, विनवल्यासारखं. सरांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी तळहात टेबलावर आपटला. तो तात्यासाहेबांसाठी होता, हे आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग त्यांनी तोच हात वळवून नौशीनकडं केला: बोल. ते स्वतः बोलू लागले तेव्हा मात्र सगळ्यांनी नजरा खाली घातल्या. सर म्हणत होते, "आई. आई आली नाही. मग? आई आलीच नाही, मग?" तात्यासाहेबांनी चष्मा काढला. म्हातारपणी आजारात माणूस आईला हाक मारतो, हे सगळ्यांनी आपापल्या घरात पाहिलेलं. पण नौशीन त्यांच्या डोळ्यांकडं बघत होती. ते डोळे हाक मारणाऱ्याचे नव्हते. ते डोळे तिला पाठ होते. मुद्द्याची कमकुवत बाजू सापडली की ते असेच बारीक व्हायचे.  सगळी नावं उडून गेलेल्या त्या माणसानं, भलत्याच शब्दाच्या आधारानं, या अभ्यासाला विचारता येण्याजोगा सगळ्यात टोकदार प्रश्न विचारला होता.

"सर आईबद्दल नाही, बसबद्दल विचारतायत," ती सगळ्यांना म्हणाली. "बस बंद झाली तर या बायका काय करतील? शहरात गेल्या, तर सरांचं बरोबर. मग हा वाहतुकीचाच अभ्यास." तिनं सरांकडं पाहिलं. त्यांनी जोरात मान हलवली. हेच.

मग तिनं प्रेरणाची पानं उघडली. एका गावाची बस पुलाच्या कामासाठी पावसाळाभर बंद होती. बायका शेअर जीपनं गेल्या, चिखलातून हमरस्त्यापर्यंत चालत गेल्या, काहींची कामं सुटली. शहरात खोली मात्र कुणी केली नाही. आणि याच्या उलट, बस दारात येत असून ज्या गाव सोडून गेल्या, त्या का गेल्या? त्यांना घरात जागाच नव्हती म्हणून. एकीच्या दिरानं मधे भिंत घातली होती, एकीचं नवऱ्यामागं कुणी नव्हतं. बस आहे म्हणून कुणी राहिलं नाही, सर, आणि बस गेली म्हणून कुणी हललं नाही. बोलताना नौशीनचा आवाज घट्ट होत गेला. अम्मीबद्दल ती एक अक्षर बोलली नाही, पण अम्मी अंगणासकट तिच्या शेजारी उभी होती.

सर त्या उघड्या पानांकडं बघत राहिले. ते बघणं नौशीनच्या ओळखीचं होतं. ते आत कुठंतरी फिरून येत होते, प्रत्येक दार हलवून बघत होते. मग त्यांनी सुधारलेला हात पुढं केला, वाहतुकीच्या गठ्ठ्यातून तो अभ्यास काढला, तो घसरला तसा पुन्हा धरला, आणि दुसऱ्या गठ्ठ्यावर नेऊन ठेवला. कुणी मदतीला गेलं नाही; जाऊ नये हे तेवढ्यात सगळ्यांना कळलं होतं. "बरं," सर म्हणाले. हरल्यावर ते नेहमी एवढंच म्हणायचे. त्यात ना राग असायचा ना कौतुक. एक गोष्ट जागच्या जागी लागली, आता पुढची. नौशीन खाली बसली. तिला रडू येत होतं आणि तिनं ते येऊ दिलं नाही, कारण सरांना ते आवडलं नसतं. आपण आयुष्यात किती मोठ्या माणसाच्या हाताखाली काम करतो आहोत, हे तिला आजवर माहीत होतं, आज दिसलं. ज्याच्याकडं आपला शेरा सोडून काही उरलं नव्हतं, त्यानं तो शेराही सोडून दिला होता, आणि तेवढ्यानं ते पुन्हा पूर्वीचे सर झाले होते.

होळी होऊन गेल्यावर नव्या विभागाच्या जाणकारांचं उत्तर आलं. त्या नागपूरच्या एक निवृत्त बाई होत्या. त्यांनी प्रेरणाच्या प्रत्येक प्रकरणावर शंका काढल्या होत्या, दोन ठिकाणी तर चांगलंच झोडपलं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं की हा अभ्यास छापला पाहिजे, पण एवढं दुरुस्त करून. प्रेरणाचा फोन आला. नौशीनला वाटलं ती खट्टू झाली असेल. पण ती म्हणाली, "मॅडम, त्यांनी सगळं वाचलंय हो. एकूण एक बाई वाचलीय." जालन्याच्या शाळेचं काय झालं, हे नौशीननं विचारलं नाही. प्रेरणा बोलत होती ते पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा कुठल्या घरात जायचं याबद्दल.

संध्याकाळी नौशीन सरांकडं गेली. ते गच्चीवर बसले होते, सरूकाकू वाळलेले कपडे गोळा करत होत्या. नौशीननं नागपूरच्या बाईंचं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. सर ऐकत होते, मधेच बोट वर करून एखादं वाक्य पुन्हा वाचायला लावत होते. एका शंकेपाशी त्यांनी जोरात मान हलवली: बाईंचं चुकतंय. नौशीनला बाईंचं बरोबर वाटत होतं, आणि तिनं तसं सांगितलं. सरांनी तिच्याकडं रोखून पाहिलं. खाली रस्त्यावरून कंपन्यांच्या गाड्या कामगारांना सोडत चालल्या होत्या. ती निघायला उठली तसं त्यांनी तिची ओढणी धरून थांबवलं आणि शब्द शोधू लागले. कपाळावरची शीर फुगली. "उद्या," ते म्हणाले. "उद्या... भांडं."

काकू लगबगीनं आत गेल्या आणि पाण्याचं भांडं घेऊन आल्या. सरांनी ते हातानं बाजूला सारलं, डोळे मिटले, आणि कुणीही मदतीला न येता, एकेक अक्षर ओढून वर आणलं.

"भांडायला," ते म्हणाले. "भांडायला ये."